सीझ झालेली करवत: जुन्या सुट्या भागांतून इंजिन पुन्हा उभं करताना

"काही नाही झालेलं, फक्त प्लग गेलाय," असं म्हणणारा माणूस दोरी ओढून दाखवायला मात्र तयार नसेल, तर समजायचं की प्लग सोडून बाकी सगळं गेलंय. माझी स्टिल एमएस २५०, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत, अशीच घरी आली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या बागा आडव्या केल्या, तेव्हा ज्यांनी जन्मात असला कटर, म्हणजे साखळी-करवत, हातात धरला नव्हता त्यांनीही तो विकत घेतला. रस्ते मोकळे झाले, आंब्या-फणसाचे ओंडके सरले आणि त्यातली कितीतरी यंत्रं पडवीत नाहीतर गोठ्यात जाऊन पडली. अशा एका बागेतून ही मला अडीच हजारांत मिळाली. दोरी निम्म्यावर येऊन अडकायची. म्हणजे इंजिन सीझ, पिस्टननं सिलिंडरला धरलेलं.

अशा करवतीचं इंजिन जुने सुटे भाग मिळवून पुन्हा कसं उभं करायचं, ते इथे लिहितो. उदाहरण माझ्या एमएस २५० चं आहे, पण बाजारात मिळणाऱ्या ५२ आणि ५८ सीसीच्या चिनी करवतींनाही यातलं बरंचसं लागू पडतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण सगळी चूक तिथेच होते. पिस्टन बदलला म्हणजे इंजिन दुरुस्त झालं असं नसतं. पहिला पिस्टन कशानं मेला हे कळलं नाही, तर दुसराही त्याच वाटेनं जातो आणि तोही आठवड्याच्या आत.

उघडण्याआधी सायलेन्सरमधून बघा

प्लगची टोपी काढा, साखळी आणि ती जिच्यावरून फिरते ती पट्टी उतरवा. साखळी लावलेल्या करवतीवर काम करू नका, इंजिन बंद असलं तरी. चांदणीच्या डोक्याचे बहुतेक बोल्ट टी-२७ मापाचे असतात. लांब दांड्याचा एक चांगला टी-२७ घेतला तर निम्मी हत्यारं आलीच. स्वस्तातल्या पान्याचं टोक गोल होतं आणि मग तोच बोल्ट ड्रिलनं काढायची वेळ येते.

आता सायलेन्सर उतरवा. मागे सिलिंडरचं एक्झॉस्टचं भोक दिसेल. बॅटरीचा उजेड आत टाका, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं, दोरीनं फिरणारं चाक) हातानं हळूहळू फिरवा आणि पिस्टन वरखाली होताना त्याची बाजू बघा. अडकला असेल तर जोर लावू नका, प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल सोडून रात्रभर ठेवा. चांगल्या पिस्टनवर कंपनीत मशीनिंग करताना पडलेल्या बारीक आडव्या रेघा दिसतात. खराब पिस्टनवर उभे ओरखडे असतात, आणि ते कुठे आहेत त्यावर सगळं निदान अवलंबून असतं.

ओरखडे पिस्टनच्या सगळ्या बाजूंनी असतील आणि माथा पांढुरका, कोरडा असेल तर नुसतं पेट्रोल घातलं गेलंय. मोटरसायकलच्या टाकीतलं पेट्रोल काढून करवतीत ओतलं, ही गोष्ट तर आमच्याकडे रोजचीच. ओरखडे कार्बोरेटरच्या बाजूला, राखाडी आणि वाळूनं घासल्यासारखे असतील तर एअर फिल्टर फाटका होता किंवा लावलाच नव्हता. आत भुसा आणि धूळ गेली. माथ्यावर बारीक ठोके पडले असतील तर आत काहीतरी तुटून नाचलंय, बहुधा बेअरिंगची जाळी. आणि ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, पण माथ्यावर काळी, तेलकट काजळी नीट असेल, तर तेल मिसळलेलं होतं आणि तरीही इंजिन भाजलं. म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली. हवा कुठून तरी चोरून आत येते आहे.

माझ्या करवतीत हा शेवटचा प्रकार होता. बागेच्या मालकानं "मी तेल मोजून टाकायचो" असं शपथेवर सांगितलं होतं आणि मी मनातल्या मनात हसलो होतो. तो खरं बोलत होता.

सिलिंडरचे पंख भुशानं आणि चिकट तेलानं बुजलेत का, तेही बघून ठेवा. पंख बुजले की गार हवा फिरत नाही आणि बाकी सगळं ठीक असलं तरी पिस्टन फुगून धरतो.

इंजिन खोलण्याआधी गळती शोधा

ही पायरी बहुतेक जण सोडतात, कारण एकदाचं उघडून बघायची घाई असते. पण खोललं की गळतीचा पुरावा गेला. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस (क्रँक जिच्यात फिरतो ती खालची पेटी) स्वतःच पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली ओढ तयार होते, खाली येताना दाब. एखादं ऑइल सील कडक झालं, कार्बोरेटरमागचा रबरी गळा चिरला किंवा सांध्यातलं सीलंट सुटलं, की त्या ओढीबरोबर बाहेरची हवा आत येते. कार्बोरेटरला याचा पत्ताच नसतो.

कंपनीच्या कारखान्यात यासाठी पंप आणि मीटर असतो. अर्धा बार दाब देतात आणि साधारण २० सेकंद तो टिकतो का ते बघतात. मी घरातलं जुनं बीपीचं मशीन वापरतो. त्याची डायल ३०० पर्यंत जाते, म्हणजे ०.४ बार. काम भागतं. आधी रबरी नळीच्या टोकावर बोट दाबून बघा की फुगाच गळत नाही ना. माझा गळत होता आणि एक अख्खी दुपार त्यात गेली.

एक जुना प्लग घेऊन त्यातली चिनी माती फोडून काढा. उरलेल्या लोखंडी कड्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह एपॉक्सीनं बसवा आणि त्याच्या आतली पिन काढून टाका. झाला अ‍ॅडॉप्टर. सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून सायलेन्सरच आवळा. कार्बोरेटरच्या जागीही तसाच रबरी तुकडा आणि पत्रा लावा. क्रँककेसचा दाब कार्बोरेटरला पोचवणारं एक बारीक भोक किंवा नळी त्या बाजूला असते, तीही बुजवायला विसरू नका. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस आतून जोडले जातात. मग फुगा दाबून २५० पर्यंत न्या.

साबणाचं दाट पाणी ब्रशनं सगळीकडे लावा: दोन्ही ऑइल सील, सिलिंडर आणि पॅन (इंजिनाची खालची फाळी) यांचा सांधा, रबरी गळा, प्लगचा पाया. माझ्या करवतीत मॅग्नेटच्या बाजूच्या सीलभोवती मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. एक फुटला की दुसरा, सावकाश, न थांबता. तिथेच उत्तर मिळालं. रबर दगडासारखं झालं होतं, नख रुतत नव्हतं.

दाबाची चाचणी पास झाली म्हणून थांबू नका. सीलचं ओठ आतल्या बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे आतून दाब दिला की ते शाफ्टवर आणखी घट्ट बसतं आणि दोष लपतो. ओढ दिली की तेच ओठ उचललं जातं. गाड्यांचे ब्रेक ब्लीड करायला गॅरेजवाल्याकडे हाताचा व्हॅक्यूम पंप असतो, तो तासाभरासाठी मागून आणा.

दाता कसा निवडायचा

आता जुन्या भागांकडे. नवे, नाव नसलेले पिस्टन-सिलिंडर संच ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतात आणि मोह होतो. मी दोनदा वापरले. एकदा सिलिंडरच्या भोकांच्या कडा धारदार होत्या, घासून गोल केलेल्याच नव्हत्या. रिंग त्यात अडकून तुटली. तेव्हापासून माझा नियम असा: धातूचा मोठा भाग जुना पण अस्सल, रबराचा भाग नवा.

जुना भाग ज्या करवतीतून घ्यायचा तिला मी दाता म्हणतो. दाता अपघातात गेलेला हवा, आजारानं गेलेला नको. जिच्यावर झाड पडलं, जी ट्रॅक्टरखाली आली, जिची टाकी फुटली किंवा मागची मूठ तुटली, तिच्या आतलं इंजिन बहुधा ठणठणीत असतं. जी "चालताना हळूच बंद पडली" तिच्यातून फक्त झाकणं आणि मूठ घ्या. माझा दाता असाच होता. आंब्याचं खोड आडवं येऊन मॅग्नेटच्या बाजूवर पडलं होतं. त्या बाजूचा शाफ्ट वाकला होता, म्हणून क्रँक बाद; पण सायलेन्सर काढून बघितलं तर पिस्टनवरच्या आडव्या रेघा शाबूत. सिलिंडर आणि पिस्टनची जोडी तिच्यातली, क्रँक माझ्याच करवतीचा, असं ठरलं.

जोडी म्हणालो ते मुद्दाम. एकत्र झिजलेले सिलिंडर, पिस्टन आणि रिंग यांची ताटातूट करू नका. रिंग काढावीच लागली तर वरची बाजू खुणेनं लक्षात ठेवा आणि तशीच परत बसवा. रिंग वेगळी घ्यायची वेळ आली, तर ती सिलिंडरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा. फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली की ती रिंग मी ठेवत नाही.

मापात फसू नका. एमएस २३० आणि २५० बाहेरून जुळ्या बहिणी, पण २३० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४० मिमी आणि २५० चा ४२.५ मिमी. चिनी करवतींत तर आणखी गंमत: ५२ सीसीचा पिस्टन ४५ मिमी, ५८ चा ४५.२. हातात धरून हा फरक कुणालाही कळणार नाही. व्हर्नियर खिशात हवा. झाकणावर ५८ लिहिलंय म्हणून आत ५८ च असेल यावर तर मुळीच विसंबू नका.

कुठे शोधायचं? तालुक्याच्या गावात करवती दुरुस्त करणारा एखादा असतोच आणि त्याच्या दुकानामागे ढीग असतो. त्याला भाव विचारण्याआधी चहा विचारा. पुण्यात असाल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, पण तिथे सुटा भाग क्वचित, अख्खं यंत्र जास्त. माझं मत, अख्खंच घ्या. सुट्या पिस्टनचा पूर्वेतिहास कळत नाही, अख्ख्या करवतीचा कळतो.

नवं काय घ्यायचं: दोन्ही ऑइल सील, दोन्ही बेअरिंग, गजन पिनचे (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचे) लॉक, पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, कार्बोरेटरचं डायफ्राम-किट. यात काटकसर करायची नाही. लॉक तर दहा-वीस रुपयांची गोष्ट. जुना वापरला आणि तो सुटला, तर सिलिंडरला उभी नांगरणी.

खोलताना

पट्टीच्या बाजूचं झाकण, स्टार्टर, एअर फिल्टर, कार्बोरेटर, वरचं आवरण हे सगळं सरळ आहे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. लांबी थोडीथोडी वेगळी असते. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर प्लास्टिक फोडून बाहेर येतो.

क्लच काढताना मात्र थांबा. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतात. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, पण पिस्टननं एक्झॉस्टचं भोक ओलांडून झाकल्यावरच. आधी सोडली तर दोरी त्या भोकात घुसते आणि पिस्टनची कड ती चावते. सुतळी नको, तिचे तंतू आत राहतात. २५० मध्ये बाहेर ड्रम असतो, तो इंग्रजी ई सारख्या एका लॉकनं धरलेला असतो. लॉक काढताना वर फडकं धरा, नाहीतर तो उडून अंगणातल्या गवतात जातो आणि मग शोधत बसा.

मॅग्नेटचा नट सरळ आट्यांचा. तो पूर्ण काढू नका, शाफ्टच्या टोकाशी बरोबर येईपर्यंत सैल करा. मग एका हातानं करवत मॅग्नेटला धरून किंचित उचलायची आणि नटावर पितळेच्या तुकड्यानं एक नेमका ठोका द्यायचा. टक्‌ असा आवाज होऊन मॅग्नेट सुटतं. पंखांवर ठोकू नका, ते तुटतात. आतली खाच बघा. ती खरवडलेली असेल तर स्पार्कची वेळ चुकते आणि दोरी हाताला उलटा झटका देते. तसं मॅग्नेट बदला.

मोटरसायकलमध्ये ब्लॉक वर उचलला की पिस्टन दिसतो. इथे तसं नाही. २५० च्या इंजिनाच्या दोन फाळ्या आडव्या असतात: वरची सिलिंडरसकट, खालची म्हणजे पॅन. बेअरिंग दोघांच्या मधे दाबलेली. प्लास्टिकच्या सांगाड्यातून इंजिन खालचे बोल्ट काढून उचललं आणि पॅन सोडला की क्रँक, रॉड आणि पिस्टन सगळं एकदम सिलिंडरच्या खालून बाहेर येतं. सांधा सुटत नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथे पडलेला एक चरा पुढे कायमचा गळतो. लाकडी हातोडीनं कडेनं टपटप करा.

सिलिंडर वाचतो का

जुना सिलिंडर चरे पडलेला दिसला तरी टाकायची घाई नको. आतल्या भिंतीवर निकेलचा कडक मुलामा असतो. बऱ्याचदा दिसणारे चरे हे भिंतीवर चिकटलेलं पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. नख फिरवा. नख उंचवट्यावर अडखळलं तर आशा आहे, खड्ड्यात उतरलं तर संपलं.

चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम काढायला संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड चालतं. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, वारा पाठीमागून असताना करा. हत्यारं लांब ठेवा, नुसत्या वाफेनंही ती गंजतात. कानातल्या कापसाच्या काडीनं फक्त चिकटलेल्या पट्ट्यावर अ‍ॅसिड लावायचं, भोकांच्या कडांना नाही. तिथे मुलामा संपतो आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम उघडं असतं. लावलं की फसफसतं. पुसा, पुन्हा लावा. फसफस थांबली म्हणजे वरचं गेलं आणि खाली मुलामा आहे. थांबतच नसेल तर मुलाम्याला भोक पडलंय आणि अ‍ॅसिड सिलिंडरच खातंय. लगेच थांबवा आणि तो सिलिंडर भंगारात द्या. नीट उतरलं तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं, मग साबणानं धुवा, ताबडतोब वाळवून तेलाचा हात फिरवा.

माझा मूळ सिलिंडर असा साफ झाला. आता तो कागदात गुंडाळून कपाटात आहे, पुढच्या कुणासाठी तरी.

क्रँक आणि बेअरिंग

रॉड दोन बोटांत धरून सरळ वर-खाली ओढा. तसूभरही प्ले नको. बाजूला थोडा हलतो, तो चालतो. शाफ्ट वाकलाय का याची शंका असेल तर लेथवाल्याकडे दोन टोकं टेकवून डायल लावून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असलं काम दहा मिनिटांचं आणि इतर गावांतही लेथवाला मिळतोच. सीझ झालेल्या इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचा भुगा खाली उतरलेला असतो. क्रँक पेट्रोलमध्ये बुडवून, रॉडचं मोठं बेअरिंग फिरवत फिरवत तीन-चारदा धुवा, खाली चमचमणारं काही उरेनासं होईपर्यंत.

बेअरिंग लहान पुलरनं काढा. नंबर कड्यावर कोरलेला असतो, तो वाचून बेअरिंगच्या दुकानात द्या आणि सी३ म्हणजे जरा जास्त क्लिअरन्सचंच मागा, कारण इंजिनाच्या उष्णतेनं ते फुगतं. नंबर जुळला नाही तर कंपनीचं घ्या, "हे पण बसेल" या शब्दावर नको. बसवताना क्रँक रात्रभर फ्रीजरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि बेअरिंग तेलात गरम करा. पाण्याचा थेंब तेलाजवळच्या पत्र्यावर चुर्रर झाला की पुरे, त्याहून जास्त नको. मग ते नुसतं सरकून जागेवर जातं. ठोकून बसवलेलं बेअरिंग पहिल्याच दिवशी अर्धं म्हातारं झालेलं असतं. घरच्यांना फ्रीजरमधल्या पिशवीबद्दल आधी सांगून ठेवा.

जोडणी

पिस्टनवरच्या बाणाचं टोक एक्झॉस्टकडे. रिंगच्या खाचेत एक बारीक खुंटी असते, रिंगची दोन्ही टोकं त्या खुंटीच्या दोन बाजूंना आलीच पाहिजेत. नाही आली तर सिलिंडरमध्ये जाताना रिंग तुटेल. गजन पिनच्या लॉकचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, बाजूला नाही. पिस्टनच्या वर-खाली झटक्यानं बाजूला तोंड असलेला लॉक दाबला जाऊन सुटतो.

नव्या सीलच्या ओठाला ग्रीस, शाफ्टच्या खाचेवर सेलोटेपचा एक वेढा, म्हणजे सील सरकवताना ओठ चिरत नाही. सगळ्याला टू-टी ऑइलचा हात फिरवून पिस्टन सिलिंडरमध्ये खालून घाला, रिंग बोटांनी दाबत. जोर लागला तर थांबा आणि खुंटी पुन्हा बघा.

आता सीलंट. दोन्ही फाळ्यांच्या कडा थिनरनं इतक्या पुसायच्या की कापड स्वच्छ यावं. बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही, पेट्रोलनं ते फुगून सुटतं. मोटरसायकलच्या क्रँककेसच्या फाळ्या जोडायला गॅरेजवाले वापरतात ते, पेट्रोल-तेलाला टिकणारं घ्या. पातळ आणि अखंड रेघ, बेअरिंग आणि सीलच्या कोपऱ्यात नीट वळवलेली. पॅन ठेवा, बोल्ट तिरपे-तिरपे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. मग ट्यूबवर जितका वेळ लिहिलाय तितका वेळ हात लावू नका.

मी लावला. रविवार होता, संध्याकाळी करवत सुरू करायची हौस होती. तीन तासांनी बीपीचा फुगा दाबला आणि क्लचच्या बाजूला, नेमक्या सीलच्या कोपऱ्यात, साबणात एक बुडबुडा फुगला. सबंध इंजिन पुन्हा सोडलं, जुनं सीलंट नखानं आणि थिनरनं काढलं, नवी रेघ मारली आणि या वेळी दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या वेळी काटा २५० वर तसाच राहिला, मी मनात वीस मोजेपर्यंत आणि पुढेही. मग ओढही लावून बघितली, तीही टिकली.

पेट्रोल, कार्बोरेटर, कॉइल

कार्बोरेटर उघडून डायफ्राम बदला, जाळी फुंकून काढा. सुई-तार घालून भोकं साफ करू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. करवत पंधरा दिवसांहून जास्त ठेवायची तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. टाकीतली नळी दोन बोटांत वाकवून बघा, चिरा दिसल्या तर ती बदला. चिरलेल्या नळीतूनही इंजिन हवा पितं.

मिश्रण: कंपनीचं टू-टी ऑइल असेल तर लिटरला २० मिलि, म्हणजे १:५०. इतर टीसी दर्जाचं असेल तर लिटरला ४० मिलि. औषधाच्या मापानं मोजा. अंदाजानं ओतलेलं तेल हा स्वतंत्र रोग आहे.

कॉइल आणि मॅग्नेटमधली फट ०.२ ते ०.३ मिमी. मधे एक व्हिजिटिंग कार्ड धरून कॉइल आवळायची. प्लग एनजीके बीपीएमआर७ए, फट ०.५ मिमी.

पहिली दोरी

कार्बोरेटरचे एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) हे दोन्ही स्क्रू अलगद बंद करून एकेक फेरा उघडा. काही करवतींत एच स्क्रूवर मर्यादेची टोपी असते, तिथे जेवढं फिरतं तेवढंच. दोरी ओढून बघा: करवत दोरीच्या मुठीला लटकवली तर ती अडखळत, झटके घेत खाली आली पाहिजे. सरसर घसरत आली तर कॉम्प्रेशन नाही. मीटर असेल तर १२० पीएसआयच्या खाली आल्यावर मी समाधान मानत नाही.

पहिल्यांदा पट्टी-साखळी लावून, साखळीत तेल घालून, ब्रेक लावून आणि करवत जमिनीवर पायानं दाबून सुरू करा. सुरू झाल्यावर ब्रेक काढून एक-दोन मिनिटं मंद चालवा, ब्रेक लावून रेझ करू नका. एल फिरवून असा ठेवा की थ्रॉटल दाबताच इंजिन गुदमरू नये. आयडल साधारण २८०० फेऱ्यांवर, साखळी फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू थोडा सैल.

एचची जागा कानानं ठरते. मोकळ्यावर पूर्ण थ्रॉटल द्या, फक्त दोन-तीन सेकंद. आवाज किंचित तुटक, फडफडता यायला हवा, जणू इंजिन एक फेरी सोडून पेटतंय. लाकडात घातल्यावर तो आवाज सलग आणि स्वच्छ होतो. मोकळ्यावरच सलग किंचाळत असेल तर मिश्रण कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी आहे. एच लगेच उघडा, नाहीतर इतका खटाटोप दहा मिनिटांत वाया. टॅकोमीटर असेल तर १३-१४ हजारांच्या पलीकडे जाऊ देऊ नका. सुरुवातीच्या दोन-तीन टाक्या मी एच मुद्दाम जरा उघडाच ठेवतो. धूर थोडा जास्त येतो, येऊ दे.

पहिली टाकी संपली की इंजिन गार होऊ द्या आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. प्लग काढून बघा, चॉकलेटी रंग हवा. तिसऱ्या टाकीनंतर सायलेन्सर एकदा उतरवून पुन्हा आत उजेड टाका. माझ्या करवतीत दात्याच्या पिस्टनवरच्या आडव्या रेघा जशाच्या तशा होत्या, एकही उभा ओरखडा नव्हता. सायलेन्सर लावला आणि वाडीच्या कडेला पडलेला फणसाचा ओंडका कापायला घेतला.